केझायाचं रक्त

एनिड क्रॅबट्रीच्या घरात रेडिओ कधी बंद नसे. सकाळी उठलं की आधी रेडिओ, मग किटली. ऐकायची हौस होती असं नाही. क्रिकेटचं समालोचन असो, मासेमारीच्या बोटींसाठी हवामान असो, तिला सगळं सारखंच. पण एकटं माणूस घरात राहिलं की हळूहळू स्वतःशी बोलायला लागतं, आणि एनिडला ते होऊ द्यायचं नव्हतं. रेडिओ बोलत असला की आपलं तोंड मिटलेलं राहतं, असा तिचा साधा हिशेब होता.

तोंड मिटायला तिला आईनं शिकवलं. एनिड लहान असताना एकदा जिन्यात बसून बाहुलीला दटावत होती. आई ओल्या हातांनी स्वयंपाकघरातून बाहेर आली. चेहरा पांढराफटक.

"कुणाशी बोलतेयस?"

"हिच्याशी. जेवत नाहीये ती."

आईनं बाहुली उचलून कपाटावर ठेवली, एनिडचा हात पोचणार नाही अशी. "बोलायचं तर माणसांशी बोल. केझायाचं असंच सुरू झालं होतं."

केझाया म्हणजे आईच्या आईची आई. तिला घरातल्या कुणीच पाहिलेलं नव्हतं. आजी अंगावर पीत होती तेव्हाच केझायाला टेकडीपलीकडे स्टोनरॉइडच्या वेड्यांच्या इस्पितळात नेलं, ती तिथून परत आली नाही. तिचा फोटो नाही, शाल नाही, चमचा नाही. मागं राहिलं ते नाव, आणि तेही धाक घालायला. इतरांच्या घरी पोरांना बागुलबुवा दाखवत, एनिडच्या घरी पणजी. एनिड रडली की केझाया. खिडकीतून जरा जास्त वेळ बाहेर पाहिलं की केझाया. मामा पबमधून येताना कालव्यात पडला तेव्हा अख्ख्या थॉर्नशॉ गावाला त्याचं कारण ठाऊक होतं, पण आई म्हणाली, "बिअर कसली! रक्त आहे ते. केझायाचं रक्त."

हा मामा घरात 'दुसरा विल्फ्रेड' म्हणून ओळखला जाई. पहिला विल्फ्रेड तान्हेपणीच घटसर्पानं गेला होता, आणि पुढचा मुलगा झाल्यावर आजीनं तेच नाव पुन्हा ठेवलं. खोऱ्यातल्या जुन्या लोकांची ती रीतच होती. नाव चांगलं आहे, ते कशाला वाया घालवायचं? यॉर्कशरची माणसं दोरीचा तुकडासुद्धा टाकत नाहीत, मग नाव कुठलं टाकणार. एनिडला लहानपणी हे चमत्कारिक वाटायचं. "मग पहिल्याला काय म्हणायचं?" असं तिनं विचारलं होतं, आणि आईनं म्हटलं होतं, "पहिला विल्फ्रेड. आणखी काय म्हणणार?"

एनिड मोठी झाली, नगरपालिकेच्या ग्रंथालयात नोकरीला लागली, आणि क्लिफर्ड ॲक्रॉइड तिला आवडायला लागला. तो शाळेत सुतारकाम शिकवायचा. हात मोठे, बोलणं मोजकं. एका शुक्रवारी कालव्याच्या काठावर चिप्स खाताना त्यानं कागदाचा बोळा केला आणि पाण्याकडे बघत विचारलं, "लग्न करायचं का आपण?" एनिड उद्या सांगते म्हणाली. घरी ती जवळजवळ धावतच आली.

आई इस्त्री करत होती. सगळं ऐकून घेतल्यावर तिनं इस्त्री उभी करून ठेवली. "पोरं होतील."

"होतील की."

"त्यातल्या एखाद्यात उतरलं तर? त्याला आधी सांगणार आहेस? की नंतर कळू देणार आहेस, त्यालाही आणि पोरालाही?"

सांगायची छाती एनिडला झाली नाही. आपल्या घरात वेड आहे हे ज्या तोंडानं सांगायचं, ते तोंड मिटायचीच सवय होती. दुसऱ्या दिवशी ती क्लिफर्डला एवढंच म्हणाली, "माझं मन नाही." त्यानं कप खाली ठेवला, "बरं," म्हणाला, आणि टोपी घेऊन गेला. पुढं त्यानं पॉलिनशी लग्न केलं. त्याला मुलं झाली, मुलांना मुलं झाली. बाजारात, पोस्टात, बसथांब्यावर तो भेटतच राहिला, कारण थॉर्नशॉसारख्या गावात कुणाला टाळायचं म्हटलं तर गाव सोडावं लागतं.

"काय एनिड, बरंय ना?"

"बरंय. तुझं?"

"चाललंय."

त्यांचं सगळं बोलणं ते एवढंच.

आई गेली, एनिड निवृत्त झाली, आणि मग तिनं जिल्ह्याच्या दप्तरखान्याला केझायाची माहिती विचारली. उत्तर आलं की स्टोनरॉइडच्या रोगवह्या आमच्याकडे आहेत, पण शेवटच्या नोंदीला शंभर वर्षं झाल्याशिवाय उघडता येत नाहीत, आपण थांबावं. एनिड थांबली. थांबायचा तिला सराव होता. या वसंतात दप्तरखान्याचं पत्र आलं: आता येऊ शकता.

आता एक गोष्ट उघड सांगायला हवी. केझाया वेडी निघावी अशीच एनिडची इच्छा होती. पुरती, ठार वेडी, शंकेला जागाच न राहील अशी. म्हणजे आईचं खरं ठरलं असतं, आणि क्लिफर्डला दिलेला नकारही. तिनं काही मुलांना जन्माला येण्याआधीच एका मोठ्या दुःखातून वाचवलं, असं म्हणता आलं असतं. रिकाम्या घरात रोज एकच कप विसळणाऱ्या बाईला एवढं तरी म्हणता यायला हवं होतं.

दप्तरखान्यात जायच्या सकाळी शेजारची नसीम कुंपणावरून डबा घेऊन वाकली. दोन्ही घरांची भिंत एकच, आणि ती इतकी पातळ की नसीमच्या सासूचा खोकला एनिडला पाठ झाला होता.

"समोसे आहेत, एनिडआंटी. सरकारी ठिकाणी धड काही मिळत नाही."

"अगं, कशाला."

"घ्या हो. आणि पणजी सापडली की मला सांगा. आमच्याकडं बरं आहे, कुठं शोधायला जावं लागत नाही. आमची सासू मेलेल्यांचीसुद्धा गाऱ्हाणी रोज सांगते."

दप्तरखान्यात पिशवी खणात ठेवायला लावली, पेन काढून घेऊन पेन्सिल दिली. मग एका तरुण बाईनं जाडजूड वही आणून मऊ उशीवर हलकेच ठेवली आणि पान उघडून दिलं.

आधी फोटोच समोर आला. एनिडनं अशी तयारी केलीच नव्हती. इस्पितळाचा चौकड्यांचा झगा, मागं भिंत, दोन्ही हात छातीवर असे ठेवलेले की कॅमेऱ्याला दिसावेत. हनुवटी आईची. थेट आईची. आणि आईच्या चेहऱ्यावर जे कधी दिसलं नव्हतं ते या चेहऱ्यावर होतं: बाई हसू दाबत होती. आपल्याला काहीतरी ठाऊक आहे आणि समोरच्याला नाही, अशी.

खाली डॉक्टरचं अक्षर. विणकराची बायको. अठराशे अठ्ठावन्नचा जन्म. बाळंतपणानंतर झोप नाही, अन्न नाही, मुलीला जवळ घेत नाही. आणि मग: 'रोगी म्हणते की ती मेलेली असून हॅगटॉप येथील बेथेल चॅपेलमागे पुरलेली आहे. दगडावर तिचं नाव कोरलेलं आहे. दर रविवारी तो दगड ती स्वतः घासत असे. मेलेली माणसं दगड घासत नाहीत, असं समजावल्यावर ती हसली व म्हणाली, तुम्ही चला, मी दाखवते.'

पुढं वर्षामागून वर्षं. अक्षरं बदलत गेली, डॉक्टर बदलत गेले, मजकूर तोच. 'भ्रम कायम. धुण्याच्या कामात उपयोगी.' 'पुन्हा विचारता, आपलं दफन बेथेलला झाल्याचंच सांगते. वागणूक शांत.' 'भ्रम कायम. इस्त्री उत्तम करते.' शेवटी छातीचा विकार, मृत्यू, आणि डॉक्टरच्या अक्षरात, 'भ्रम अखेरपर्यंत कायम.'

एनिडनं वही मिटली. तरुण बाई हळूच जवळ आली. "जड जातं वाचायला. पाणी आणू?"

"नको. उलट बरं वाटलं."

बाई जरा चरकली असावी. पण एनिडला खरोखरच बरं वाटत होतं. आपण मेलोय म्हणणारी बाई, त्यावर वाद नाही. आई, तुझं बरोबर होतं. बस सुटायच्या जागेजवळच्या बेकरीतून तिनं मलईचा बन घेतला, आणि रस्त्यात खाणाऱ्यांना आयुष्यभर नावं ठेवलेल्या एनिडनं तो चालता चालता खाल्ला. घरी आल्यावर नसीमला तिनं भिंतीतूनच ओरडून सांगितलं, "सापडली गं! पक्की वेडी होती."

"अभिनंदन," नसीम पलीकडून म्हणाली.

आता केझायाचं भय वाटेनासं झालं होतं, तेव्हा तिची कीव यायला लागली. स्टोनरॉइडचे मृत एका मैदानात निनावी पुरलेले, वर आता नवी घरं झालीत. फुलं ठेवायची तर कुठं? एनिडला सुचलं की केझायाचे आईबाप, वहीत नोंदलेले एबल आणि ग्रेस हेलिवेल, हॅगटॉपलाच पुरलेले असणार. मुलीची फुलं त्यांच्यापाशी ठेवली तरी चालतील. रविवारी तिनं बागेतली डॅफोडिल्स वर्तमानपत्रात गुंडाळली आणि बसनं टेकडीच्या पायथ्याशी जाऊन चढ चढायला लागली.

बेथेल चॅपेल आता चॅपेल राहिलं नव्हतं. लीड्सकडच्या कुणी ते विकत घेऊन घर केलं होतं. भजनं म्हटली जायची त्या खिडकीत वाळत घातलेले मोजे दिसत होते. मालक बाहेर लाकडी दाराला रंग देत होता.

"कबरी?" तो ओशाळून म्हणाला. "त्या आहेत सगळ्या जागच्या जागी. दगड तेवढे आधीच्या मालकानं हलवले. भिंतीशी लावलेत, काही वाटेत बसवलेत. आम्ही पाय चुकवून चालतो हो."

"हेलिवेल कुठं असतील?"

"कचऱ्याच्या डब्यांमागं बघा. थांबा, ब्रश देतो, शेवाळ फार आहे."

डब्यांमागं दगड होता. एनिड गुडघ्यावर बसली आणि खालून वर घासत गेली, कारण खालचं शेवाळ सैल होतं. आधी ग्रेस निघाली. मग तिच्यावर एबल. बरं झालं, सापडले. त्यांच्यावर आणखी एक नाव होतं, सर्वांत जुनं, खोल कोरलेलं. एनिड घासत राहिली.

'एबल आणि ग्रेस हेलिवेल यांची लाडकी मुलगी केझाया. मृत्यू १८५६. वय चार वर्षं.'

तिनं ते पुन्हा वाचलं. आधी तिला वाटलं कोरणाऱ्याची चूक असेल. केझाया तर म्हातारी होऊन स्टोनरॉइडला वारली, वहीत लिहिलंय. तिचा जन्मच अठ्ठावन्नचा. छप्पन्नला ती मरेल कशी?

मग तिच्या हातातला ब्रश थांबला.

पहिला विल्फ्रेड. दुसरा विल्फ्रेड.

चांगलं नाव होतं, वाया कशाला घालवायचं. चार वर्षांची केझाया गेली, पुढच्या मुलीला केझाया म्हटलं. दर रविवारी चॅपेल सुटलं की आईनं तिच्या हातात बादली दिली असणार, जा, दगड घासून ये. आणि ती पोर इथं, गुडघ्यावर बसून, स्वतःचंच नाव घासत मोठी झाली. अक्षर ओळखायला लागली तेव्हा पहिलं अक्षर तिनं इथंच वाचलं असेल. तान्ह्या बाळाच्या रात्रींनी पिळवटून निघालेल्या त्या बाईनं म्हटलं असेल, मी मेलेच आहे, माझं नाव दगडावर आहे, मीच घासते ते. शब्दन् शब्द खरा. डॉक्टर दूरचा, त्याला खोऱ्याची रीत काय ठाऊक! नवरा पक्का चर्चवाला असणार, चॅपेलवाल्यांचा पंथ वेगळा, म्हणून बेथेलच्या फाटकात त्यानं पाऊल टाकलं नसेल. एबल आणि ग्रेस तोवर इथंच, या दगडाखाली. ती सांगत होती, तुम्ही चला, मी दाखवते. एवढ्या वर्षांत कुणी एकदाही म्हणालं नाही, चल, दाखव. टेकडीच्या पलीकडे तर होतं. घोडागाडीनं दुपारची फेरी.

एनिडला डॉक्टरचा राग आला, मग आईचा आला. मग राग संपला, आणि जे उरलं ते फार मोठं होतं. केझाया थकली होती. आज कुणी पोरगी अशी झाली तर गोळ्या देतात, नर्स घरी येते, आणि ती वर्षभरात उठून पोराला शाळेत सोडायला जाते. रक्तात काही नव्हतं. कधीच नव्हतं. होती नुसती एक थकलेली बाई, आणि खरं बोलण्याची खोड. एनिडनं कुणालाही कशापासूनही वाचवलेलं नव्हतं. इस्त्रीच्या टेबलाशी ऐकलेल्या दोन वाक्यांपायी तिनं आपलं आयुष्य मिटून ठेवलं, बाहुलीसारखं, हात पोचणार नाही अशा ठिकाणी.

"सापडले का?" मालकानं लांबून विचारलं.

"हो. सगळे सापडले." तिनं फुलं ठेवली, ब्रश परत दिला, आणि उतरायला लागली. ओल्या गवतानं बूट भिजले होते, तिच्या ते लक्षातही आलं नाही.

पायथ्याच्या बसथांब्यावर क्लिफर्ड ॲक्रॉइड उभा होता. तो तिथं जवळच राहायचा, पॉलिन जेवण करेपर्यंत कुत्र्याला फिरवायचा. केस गेले होते, हात मात्र तेच.

"काय एनिड, बरंय ना?"

"नाही," एनिड म्हणाली.

दोघंही दचकले. एवढ्या वर्षांत हे उत्तर कधी आलं नव्हतं. क्लिफर्डनं कुत्र्याचा पट्टा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. मग हळू आवाजात म्हणाला, "काय झालं?"

सगळं तिच्या ओठांवर आलं होतं. कालवा, चिप्सचा कागद, आई, बाहुली, डब्यांमागचा दगड. तिनं त्याच्याकडे पाहिलं. कोटाचं एक बटण नव्या दोऱ्यानं शिवलेलं होतं, ते पॉलिननं शिवलं असणार. खिशातून लहान मुलाचा लोकरी हातमोजा डोकावत होता.

"बूट भिजले," एनिड म्हणाली.

क्लिफर्डनं तिच्या बुटांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "वरचं गवत ओलंच असतं," तो म्हणाला. "घरी गेल्यावर आत वर्तमानपत्र कोंब. उन्हात ठेवू नको, तडे जातात."

"बरं."

बस आली. त्यानं हात वर केला, तिनंही केला.

घरी आल्यावर तिनं बुटांत वर्तमानपत्र कोंबलं, चहा केला. रेडिओवर कुणीतरी गुलाबांच्या छाटणीविषयी बोलत होतं. तिनं रेडिओ बंद केला. घर इतकं गप्प झालं की नसीमच्या सासूचा खोकला शेजारच्या खुर्चीतून आल्यासारखा वाटला. एनिडनं दुसरा कप काढला, तो भरला, टेबलाच्या पलीकडे ठेवला आणि बसली.

"ऐक, क्लिफर्ड," ती म्हणाली.

आपलाच आवाज ऐकून तिच्या अंगावर काटा आला. सवयीनं तिनं दाराकडे पाहिलं. तिथं कुणी हात पुसत उभं नव्हतं. मग ती बोलायला लागली. आधी अडखळत, मग न थांबता, हातवारे करत, मधेच रडत, नाक पुसत. केझायाचं सांगितलं. आई काय म्हणाली ते सांगितलं. शाळेच्या फाटकातून त्याची मुलं बाहेर पडायची तेव्हा आपण रस्ता का बदलायचो, तेही सांगितलं. पलीकडे टीव्हीचा आवाज बारीक झाला, आणि थोड्या वेळानं दारावर थाप पडली.

"एनिडआंटी?" नसीम ओढणी सावरत उभी होती. "कुणी आलंय का? नाही म्हणजे, रेडिओ बंद, आणि तुमचा आवाज."

रेडिओचंच नाटक चाललं होतं, हे उत्तर एनिडच्या जिभेवर तयार होतं. अशा वेळेसाठी ते कायमच तयार असे.

"कुणी आलेलं नाही," ती म्हणाली. "मीच बोलतेय."

नसीमनं तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. दोन कप दिसले, ओढलेली खुर्ची दिसली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी सरकून गेलं. एनिडनं ते ओळखलं, आईच्या चेहऱ्यावर पाहिलेलं होतं.

"मी बसू का जरा?"

"नको गं. उद्या ये. उद्या तुला सगळं सांगते, आणि टेकडीवर येशील तर दाखवतेसुद्धा."

"येईन की," नसीम म्हणाली. जाताना तिनं दोनदा मागं वळून पाहिलं.

एनिड परत येऊन बसली. पलीकडच्या कपातला चहा निवला होता, वर साय धरली होती. सांगायचं सगळं सांगून झालं होतं, एकच राहिलं होतं, आणि त्याला ऐकणारं कुणी नव्हतं. तरीही तिनं ते मोठ्यानं म्हटलं, भिंतीपलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

"माझं मन होतं, क्लिफर्ड."

मग ती थोडा वेळ थांबली, उत्तर द्यायला माणसाला जेवढा वेळ लागतो तेवढा, आणि उठून दोन्ही कप विसळायला घेतले.